नाल्यातून आलेला जावई

एक होती बेबी अन् एक होती तिची आजी, म्हणजे मीच. सुट्टी आली का बेबी मैत्रिणींसंग टेकडीच्या पाणंदीनं मोटरसायकल दामटाले जाये. अशाच एका रविवारी ती गेली, अन् इकडं कामरगावचे पाहुणे तिले पाहाले आले.

"पोरगी कुठं हाय?" पोराच्या मायनं इचारलं.

म्या सांगून टाकलं, "देवळात गेली. लय लाजाळू, गाडीवर बसालेही भेते. अन् तुमचा पोरगा?"

"त्याले हापिसात काम निघालं. लय शांत हाय आमचा."

तेवढ्यात बेबीची गाडी फटफटत अंगणात आली. अंगभर चिखल! मागं तसंच एक चिखलाचं पोट्टं. मले वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"आजी, याची गाडी नाल्यात फसली. मंग यालेच घेऊन आली."

पोट्ट्यानं हेल्मेट काढलं. पोराच्या मायच्या हातातला चहा सांडला. "अरे बाप्पा! तू?"

माही मान खाली, तिचीही खाली. शेवटी तीच म्हणे, "बाई, आपण दोघीही सारख्याच. बोलणी करू का?"

लग्न झालं, पणती झाली. तिले चिखल लय आवडते. पण 'लय शांत हाय आमची' म्हणाले आमी दोघी इहिणी अजून तोंड उघडत नाही.