खांबावरचे सत्त्याण्णव टक्के

मंडळी, बसून घ्या. पेटीने सूर धरला आहे, तबला लागला आहे, आणि समितीने यंदा या सभागृहात वातानुकूलन बसवले आहे. त्याचा लाल आकडा समोरच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो आहे — चोवीस. समितीचे आभार. आता नमन त्याला, जो कुणाच्या मोजण्यात आला नाही. आणि नमन मोजणाऱ्यांनाही, कारण त्यांनी प्रयत्न केला नसता तर तो मोजण्यात येत नाही हे तरी कुणाला कळले असते?

आजचा प्रश्न छोटा आहे. ज्याने देव सोडला, त्याची पूजा सुटते का?

पुढच्या रांगेतून 'सुटते' असे उत्तर आले. घाई झाली काका. देवळात जाणे थांबवता येते — तो पायांचा विषय आहे. उपास सोडता येतो — तो पोटाचा, आणि सोडायला फारसे कष्टही पडत नाहीत. पण मान? मानेला झुकण्याची सवय असते. समोरचे काढून घेतले, तर ती दुसरे काही शोधते.

पाहा ना. घरात नवा फोन येतो. खोका लगेच फोडत नाहीत. सगळ्यांना बोलावतात. एक जण चित्रण करतो. वरचे पातळ आवरण हलक्या हाताने काढतात — आपल्याकडे याला प्राणप्रतिष्ठा म्हणत. मग पडद्यावर अटींची पोथी उमटते. कुणी वाचतो? खाली लिहिलेले असते, 'मला मान्य आहे'. आपण बोट टेकवतो. लग्नामुंजीत गुरुजी संकल्प सांगतात आणि म्हणतात, 'मम म्हणा', तेव्हा आपण काय करतो? 'मम.' काय कबूल केले ते गुरुजींना ठाऊक. आणि पंथ? एका कंपनीचा फोन वापरणारे दुसऱ्या कंपनीच्या फोनवाल्यांकडे जसे पाहतात, तसे पूर्वी आडवे गंध उभ्या गंधाकडे पाहत असे. गंध गेले. पाहणे राहिले.

असो. आख्यानाकडे येऊ.

जालन्याच्या बाजूला पळसखेडे नावाचे गाव आहे असे धरा. तिथे सुधाकर टेकाळे नावाचे गृहस्थ. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे दुकान. हुशार माणूस, हात सोन्यासारखा. घरात देव्हारा होता, पण ह्यांचा देव्हाऱ्याशी संबंध एवढाच, की त्यातला दिवा विजेचा करून दिला होता. घराचे फाटक फोनवरून उघडे. पाण्याची टाकी भरली की फोन वाजे. म्हशीच्या गळ्यातही एक यंत्र बांधले होते, ती किती चालते ते मोजायला. म्हैस गोठ्याबाहेर पडत नसे. तरी मोजमाप नियमित येई — शून्य.

सुधाकररावांचे एक ठाम मत होते. "माणसाचं अंग खोटं बोलतं. यंत्र खोटं बोलत नाही."

मंडळी, यातले पहिले वाक्य विज्ञान आहे. दुसरे कीर्तन आहे.

त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई. प्राणिशास्त्राच्या पदवीधर. दोन वर्षे शाळेत शिकवले, मग रेशमाचे प्रशिक्षण घेतले आणि सामाईक रानाच्या एका तुकड्यात तुती लावली. तुतीचा पाला शेडमधल्या रॅकवरच्या अळ्यांना घालायचा, अळ्या मोठ्या होतात, कोष करतात, त्या कोषाचे रेशीम. ऐकायला सोपे आहे. पण अळी हा जगातला सर्वांत नाजूक पाहुणा. ऊन सोसत नाही, धूर सोसत नाही, कुणाच्या अंगाचे अत्तर सोसत नाही. आणि हवा कोरडी झाली तर पाला सुकतो. सुकलेल्या पाल्याला ती तोंड लावत नाही.

आधीच्या दोन बॅच सासरच्या नावावर होत्या. ही पहिली उज्ज्वलाताईंच्या स्वतःच्या नावावर. आणि थोरल्या दिरांनी ओसरीवर बसून सांगून टाकले होते, "ही बॅच साधली तर तुती राहू दे. नाही साधली, तर दिवाळीच्या आत उपटायची आन् तिथं कपाशी. मग मला कुणी काही म्हणायचं नाही."

उज्ज्वलाताई म्हणाल्या होत्या, "साधंल, दादा."

म्हणजे त्या शेडमध्ये नुसत्या अळ्या वाढत नव्हत्या, हे लक्षात ठेवा.

सुधाकररावांनी पत्नीसाठी जीव ओतून यंत्रणा उभी केली. शेडच्या मधल्या खांबावर एक पांढरी डबी. तिला पुढे बारीक जाळी. त्या जाळीतून ती हवा चाखते आणि हवेत ओल किती ते सांगते. ओल कमी झाली की तुषार उडवणारा फॉगर सुरू. जास्त झाली की पंखे सुरू, फॉगर बंद. सगळे आपोआप. इतके आपोआप, की त्यांनी पंख्यांची हाताने चालवायची बटणेही काढून टाकली.

"अहो, एखादं बटण तरी ठेवा."

"कशाला? माणूस मध्ये आला की गडबड होते."

पूर्वी एका राजाने खांबाकडे बोट दाखवून विचारले होते, यात देव आहे का? टेकाळ्यांच्या शेडमध्ये असा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता आली खंडेनवमी. तुम्हाला ठाऊक आहे — दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारे धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचे, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत ती हलवायची नाहीत. उज्ज्वलाताईंनी पाला कापायचा विळा धुतला, फवारणीचा पंप पुसला. कुंकू पाण्यात कालवले, कारण कोरडे कुंकू पत्र्यावर थांबत नाही. एकेकाला बोट लावत चालल्या. सुधाकरराव दाराशी फोन घेऊन उभे.

"आन् माझं यंत्र?"

"तुम्ही तर म्हणता हे थोतांड आहे."

"थोतांडच आहे. पण पंपाला लावलं, विळ्याला लावलं. ह्यानंच काय घोडं मारलंय?"

"कुठं लावू?"

"मधोमध लाव. फोटोत आलं पाहिजे."

उज्ज्वलाताई स्टुलावर चढल्या. मधोमध बोट टेकवले. ओले कुंकू, चांगले ठसठशीत. हळदीचे बोटही शेजारी. सुधाकररावांनी छायाचित्र काढले आणि आपल्या गटात टाकले. हा गट म्हणजे पंचक्रोशीतल्या यंत्रप्रेमींचा. खाली लिहिले, 'आधुनिक आयुध'. अंगठ्यांचा पाऊस पडला.

मधोमध काय होते, मंडळी? जाळी.

मागचे काका, तुम्ही कार्यक्रमपत्रिकेने वारा घेता आहात, पण कळले ना? हवेतली ओल मोजणाऱ्या त्या नाकावर आपण ओले कुंकू थापले. बिचारी डबी. तिने प्रामाणिकपणे सांगितले, फार ओल आहे. सत्त्याण्णव टक्के. ती खोटे बोलली नाही. तिने कुंकवाची ओल सांगितली, वरचे वाळले तरी जाळीच्या आत अडकून राहिलेली. आपण ती शेडची समजलो.

फॉगर बंद पडला. पंखे सुरू झाले. बाहेर आश्विनातले ऊन, ते तुम्ही जाणता. पंख्यांनी ती तापलेली कोरडी हवा शेडमध्ये ओढायला सुरुवात केली.

दुपारी उज्ज्वलाताई पाला घालायला आल्या आणि दारातच थबकल्या. अळ्या खात असतात तेव्हा शेडमध्ये बारीक करकर ऐकू येते. ती नव्हती. सकाळचा पाला कडेने वळला होता.

"अहो, इकडं या. अळ्या खाईनात."

सुधाकरराव आले. आधी फोन पाहिला. "कात टाकायला बसल्या असतील."

"कात टाकणारी अळी डोकं वर करून गप बसती. ह्या फिरायल्यात. पाला हुडकायल्यात. हवा कोरडी पडली."

"कोरडी? सत्त्याण्णव टक्के आहे. कोरडी कशी असंल?"

"पाला बघा की."

"पाल्याचं काय घेऊन बसलीस? तुतीच जुनी असंल. आकडा बघ ना."

"आकडा खाणारे का अळ्या?"

सुधाकररावांनी गटाला विचारले. भक्ताला शंका आली की तो संप्रदायाकडे जातो. एकाने सांगितले, बंद करून चालू करा. दुसऱ्याने सांगितले, आतली प्रणाली अद्ययावत करा. तिसऱ्याने लिहिले, 'माझ्याकडे हेच यंत्र आहे, अचूक आहे, तक्रार नाही.' चौथ्याने हात जोडलेले चित्र पाठवले. सकाळचे कुंकवाचे छायाचित्र त्याच गटात, त्याच पडद्यावर, बोटभर वर होते. कुणी वर सरकवून पाहिले नाही.

त्यांनी बंद करून चालू केले. सत्त्याण्णव.

"बघ. परत तेच आलं. खोटं असतं तर बदललं नसतं का?"

थांबा इथे. हे वाक्य नीट ऐका, कारण यात पुष्कळ शहाणे बुडाले आहेत. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच सांगितली जाते, म्हणून ती खरी. बंद पडलेले घड्याळही दर वेळी तेच सांगते. त्याच्याइतके स्थिरबुद्धी कुणी नाही.

यावर दोन ओळी म्हणू. चाल जुनी आहे, शब्दांचा दोष माझा.

*खांबावरी जो बैसला । त्यासी पुसे रे काय झाले ।*
*पायापाशी जीव सुकले । तिकडे न पाहे ॥*

आता उज्ज्वलाताईंनी काय केले? वाद घातला असता तर संध्याकाळ झाली असती. सकाळी हत्यारे पुसलेले मलमलीचे फडके रॅकवर पडले होते. त्यांनी ते माठातल्या पाण्यात बुडवले, पिळले, आणि नवऱ्याच्या डाव्या हातात दिले.

"हे धरा जरा."

"काहून?"

"धरा तर. मी पाला आणते."

उजव्या हातात फोन, डाव्या हातात फडके, मागे पंखा. सुधाकरराव उभे. गटात चर्चा रंगली होती — दोष लहरींचा की जोडणीचा. पाचवा आला, त्याने चौथ्याला मूर्ख ठरवले. सहावा म्हणाला, असली स्वस्तातली यंत्रे घ्यायचीच नसतात. सुधाकररावांनी त्याला झोंबेल असे उत्तर दिले, त्यात बराच वेळ गेला.

विळा पूजेत, म्हणून उज्ज्वलाताई हाताने खुडलेल्या पाल्याचा भारा घेऊन परत आल्या. भारा ओल्या पोत्यात गुंडाळला होता. तो खाली ठेवला आणि विचारले, "फडकं कसं आहे?"

सुधाकररावांनी पाहिले. फडके पापडासारखे झाले होते. मुठीचा आकार धरून कडक.

"सत्त्याण्णव टक्क्यात फडकं वाळतं का हो? तुम्हीच सांगा. पावसाळ्यात तुमचा शर्ट दोन दिवस वाळत नाही."

सुधाकररावांनी फोन पाहिला, फडके पाहिले, पुन्हा फोन पाहिला. मग, मंडळी, दुपारपासून पहिल्यांदा, त्यांनी मान वर करून डबी पाहिली.

"उज्ज्वला. कुंकू जाळीवर आहे."

"तुम्हीच म्हणाले मधोमध."

"पुसून काढ. लवकर."

आणि इथे, पाहा, उज्ज्वलाताईंचा हात थांबला. "पूजा मांडलीय. दसऱ्याच्या आत कशी मोडू?"

आता हसू नका. मघाशी तुम्ही नवऱ्याला हसलात, मला ऐकू आले. इकडे अळ्या तळमळत आहेत, दिवाळीला तुती उपटली जायची आहे. नवऱ्याला आकडा हलवत नव्हता आणि बायकोला कुंकू हलवेना. दोघेही शिकलेले. एकाच खांबाखाली उभे.

फरक एवढाच. उज्ज्वलाताईंचे डोळे अळ्यांवर होते. त्यांनी एकदा कुंकवाकडे पाहिले, एकदा अळ्यांकडे, आणि भिंतीशी जाऊन पंख्यांची पिनच उपटली.

"पूजा तशीच राहू द्या. पंखे तर थांबले."

बटण काढता येते. पिन काढायची कुणी विसरले होते, ते बरे झाले.

मग दोघांनी मिळून पोती भिजवली आणि खिडक्यांना लावली. जमिनीवर पाणी शिंपडले. वाळलेला पाला उचलून ताजा घातला. सुधाकरराव बादल्या वाहत होते, आणि फोन खिशात होता. त्या दिवशी ते किती पावले चालले ते त्यांनी पाहिले नाही.

दिवे लागायच्या सुमारास उज्ज्वलाताई हात पुसता पुसता थांबल्या. "ऐका."

सुधाकररावांनी कान दिला. रॅकच्या खालच्या बाजूने बारीक करकर सुरू झाली होती.

काही अळ्या गेल्या. बऱ्याच राहिल्या. कोष थोडे लहान झाले, पण झाले. थोरल्या दिरांनी मूठभर कोष हातात घेऊन हलवून पाहिले, खाली ठेवले आणि म्हणाले, "कपाशीला रान दुसरं बघतो." त्या घरातले अभिनंदन एवढेच असते.

दसरा होताच सुधाकररावांनी डबी साफ केली. पंख्यांना बटणे बसवली. आणि डबीच्या खाली, खिळ्याला, एक मलमलीचे फडके टांगले. रोज सकाळी ओले करायचे, आणि किती वेळात वाळते ते पाहायचे.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. उज्ज्वलाताई कुंकवाचा करंडा घेऊन शेडमध्ये आल्या. सुधाकरराव गंभीरपणे म्हणाले, "यंत्राला नको. ह्या वर्षी फडक्याला लाव."

टाळ्या थांबवा, मंडळी. टाळ्या कशाला? त्यांनी फक्त देव बदलला.

उज्ज्वलाताईंनी कुंकू खाली ठेवले. "फडक्याला कशाला? सकाळी ओलं केलं होतं का, ते सांगा आधी."

ओले केलेले नव्हते. आठ दिवसांपासून नव्हते.

झाले आख्यान. आता प्रश्नाचे उत्तर. ज्याने देव सोडला, त्याची पूजा सुटते का? सुटत नाही. आणि ती सुटावी असा माझा आग्रहही नाही. हात जोडा, पण जोडताना डोळे मिटायची सवय आपल्याला लागली आहे, ती तेवढी देवासमोरच ठेवा. यंत्रासमोर डोळे उघडे हवेत. यंत्राला त्याचे काही वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे टेकाळ्यांचे झाले. आमचे काय?

मघापासून मी पाहतो आहे. मागचे काका पत्रिकेने वारा घेत आहेत. पेटीवाल्यांनी दोनदा घाम पुसला. बायकांच्या बाजूला पदर हलत आहेत, ती लहान मुलगी आईच्या मांडीवर घामेजून झोपली आहे. माझा सदरा पाठीला चिकटला आहे. हे वातानुकूलन केव्हाच बंद पडले असावे. आणि या सभागृहातल्या एकाही माणसाने उठून खिडकी उघडली नाही.

कारण समोर लिहिले आहे — चोवीस.

दाराजवळच्या बंधूंनी ती खिडकी उघडावी. तेवढ्यात आपण नाम घेऊ. आणि वारा आला की कळेलच, पुढे कुणी सांगायला नको.