रविवारचं लग्न, गुरुवारचा कागद

गांधीनगरच्या आमच्या सिंधी शेजारीण कमलाबाईंचं ऐका की. नातीच्या लग्नाला त्यांची धाकटी बहीण तीस वर्षांनी पाकिस्तानातनं, सिंधमधनं आलती. लग्न रविवारी. गुरुवारीच हवालदार कागद घेऊन दारात आला. म्हणाला, "सुरक्षेसाठी सरकारनं तिकडच्या पावण्यांचं व्हिसा रद्द केल्यात. उद्याच निघाय लागतंय."

कमलाबाई म्हणाल्या, "अहो, हिला जिना चढवत न्हाय. हिच्यापासनं कुणाला धोका हाय?"

"व्हय आज्जी. पण हुकूम सगळ्यांना एकच हाय."

मग नातीनं लग्नाचे कपडे तेव्हाच घातले आणि पाया पडली. त्या बहिणीनं तिच्या डोक्यावर ठेवलेला हात किती वेळ काढलाच न्हाय. नंतर लाडवाचा डबा उघडून तिनं हवालदारालाच आत बोलावलं. "बेटा, शादी का है. खा के जाओ."

त्यानं टोपी काढून लाडू तोंडात घातला. मग हातातला कागद डब्याशेजारी ठेवला.