निरोप कोणी न्यायचा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर काका-काकू बसले होते आणि त्यांच्या मधे त्यांची मुलगी. तिने नुकताच ऑफिसचा फोन ठेवला होता. काका औषध घातलेले डोळे मिटून बसले होते.

"कशावरून वाद घालत होतीस गं?"

"बाबा, कॉम्प्युटरचा एक गाभा असतो, सगळं त्याच्या जिवावर चालतं. नेटवर्कवरून येणारे निरोप त्याने हाताळायचे की बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमने, यावरून."

"गाभ्यातच ठेवा की. काम पटकन होईल."

"होतं ना. पण तिथे एक चूक झाली की अख्खं मशीन बंद पडतं."

"मग बाहेर ठेवा."

"मग प्रत्येक निरोपाला आत-बाहेर हेलपाटे."

"अगं, मग ठेवायचं तरी कुठे?"

"तेच तर कळत नाहीये. आणि आज मला मत द्यायचंय."

काकू मधेच लेकीला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, डोळे चोळू नका."

"बाबा, आई म्हणतेय, डोळे चोळू नका."

"तिला सांग, मी चोळत नाहीये."

"आई, ते चोळत नाहीयेत."

"मला दिसतंय."

"बाबा, तिला दिसतंय. थांबा, परत ऑफिसचा फोन. बाहेर जाऊन येते. भांडू नका."

"भांडायला बोलतंय कोण?" काका म्हणाले.

ती गेली. तेवढ्यात नर्सने दारातून हाक दिली, "चौदा नंबर!"

चौदा नंबरची चिठ्ठी काकूंच्या हातात होती. त्यांनी काचेबाहेर लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, जरा यांना सांगता का, नंबर आलाय म्हणून?"

मी सांगितलं.

"तिला म्हणावं, ऐकलं मी."