पूजेला बसवलेला पंखा

मी, बिभीषण भीमा करंडे, वय ४९ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा बोट चालवणे, मूळ गाव करकंब, ता. पंढरपूर, सध्या राहणार शेलवडी, ता. करमाळा, जि. सोलापूर, आज दसऱ्याच्या दिवशी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी मायाक्कासह राहतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर बोटीतून माणसांची ने-आण करणे हे माझे काम आहे. बोट इंद्रजीत अमृत गव्हाणे यांच्या मालकीची आहे. बोटीचा पंखा चोरीस गेल्याची तक्रार त्यांनी दिली असून माझ्यावर संशय घेतला आहे. पंखा मीच काढून ठेवला. संशयाचे कारण नाही.

"सिलिंगचा का टेबलचा?" असे हवालदार साहेबांनी विचारले म्हणून खुलासा करतो. आमच्या बोटीचे इंजिन आत असते. त्याचा पाय मागच्या बाजूने बाहेर पाण्यात उतरतो, त्याला लेग म्हणतात. लेगच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा असतो, तो फिरला की बोट चालते. बटण दाबून लेग वर-खाली करता येतो. बोटीला ब्रेक नसतो. थांबवायची तर मागचा गिअर टाकायचा, म्हणजे पंखा उलटा फिरतो आणि बोट धरून ठेवतो. त्या वेळी लेग खाली पक्का राहिला पाहिजे.

उन्हाळ्यात पाणी उतरले असताना बुडालेल्या जुन्या गावठाणाच्या भिंतीवर आपटून आमचा लेग फुटला. श्रावणात मालकांनी दुसऱ्या बोटीचा वापरलेला लेग आणून बसवला. बसवण्याचे काम सोलापूरच्या तौसिफ मिस्त्रींनी केले. तेव्हापासून बोट सरळ वागली नाही. पुढे जाताना तोंड वर उचलायची, इंजिन नुसते ओरडायचे. मीटरचा काटा लेग खाली आहे असे दाखवायचा, हात घालून पाहिले तर लेग वर असायचा. पंख्याचा दोष म्हणून पंखा बदलला. तो बरोबर नाही म्हणून पुन्हा पहिला लावला. मीटर नीट करून घेतला. तोंड उचलणे थांबले.

परंतु मागचा गिअर टाकला की लेग आपोआप वर यायचा. पंखा पाण्याबाहेर येऊन हवेत फिरायचा आणि बोट न थांबता पुढे जायची. लेग धरून ठेवणाऱ्या पंपात तेल भरले. ते कमी झाले, पुन्हा भरले. बोटीत थेंब सांडलेला नव्हता, पण सकाळी लेगभोवती पाण्यावर तेलाचा रंग दिसायचा. मी लेग दोराने खाली बांधून पाहिला. दोर तुटला.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मामा, लेग बदलला, पण पंप जुनाच ठेवला. पंप आन् नळ्या बदलल्याबिगर हे राहत नाही. मी शेठला पहिल्याच दिवशी बोललो." मालकांना सांगितले. ते म्हणाले, "तौसिफला नवीन सामान खपवायचंय. काका, गेल्या साली हीच बोट तुमीच चालवत होता की. तवा बरी थांबत होती?" मी म्हणालो, तेव्हा लेग वेगळा होता. ते म्हणाले, "मग लांबूनच इंजिन बंद करा. येईल तरंगत." त्यानंतर मिस्त्री मला म्हणायचे शेठला सांगा आणि शेठ म्हणायचे मिस्त्रीला विचारा. मी दोघांनाही सांगत राहिलो.

घटस्थापनेनंतर दोन-तीन दिवसांनी, नक्की वार आठवत नाही, दुपारी मी घाटाकडे येत होतो. इंजिन लांबूनच बंद केले होते. वारा मागून होता. बोट थांबेना म्हणून इंजिन चालू करून मागचा गिअर टाकला. लेग वर आला, बोटीचे ढुंगण घाटाकडे वळले. तिथे गुडघाभर पाण्यात आमच्या गावच्या चंद्रव्वा धुणे धूत होत्या. साबण उचलायला त्या पायरीकडे वळल्या होत्या. त्यांच्या हातातली साडी पंख्याने ओढून घेतली. मी इंजिन बंद केले. साडी विळ्याने कापून काढावी लागली.

चंद्रव्वा म्हणाल्या, "का रं बिभीषण, म्हाताऱ्या बाईची साडी वडतोस व्हय? आता जरीची घिऊन दे की!" घाटावरच्या बायका हसल्या. त्याही हसत होत्या. मी त्या दिवशी जेवलो नाही.

दसऱ्याला पलीकडच्या देवीला जायला घाटावर गर्दी होते. बोट नेणार नाही असे मी मालकांना सांगितले. ते म्हणाले, "तुमी न्हाय तर दुसरा चालवंल." काल खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि पूजेला बसवलेले अवजार कामाला घेत नाहीत. मी बोट उथळ पाण्यात ओढली, नट सोडून पंखा काढला, घरी नेऊन धुतला व देवापुढे ठेवला. हळद-कुंकू वाहिले. मायाक्का म्हणाली, "पूजा करताय का लपवताय?" मी उदबत्ती लावली. देवासमोर बसलो होतो, खोटे बोलता आले नसते.

आज पूजा उचलायची असते. मी उचललेली नाही. पंखा देवापुढेच आहे. जप्त करायचा असल्यास माझी हरकत नाही, फक्त चप्पल काढून आत यावे. मालकांनी मला उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून सांगितले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते दुसरा पंखा मागवून बोट चालू करणार असे समजले, म्हणून एवढे सविस्तर सांगितले. पंप बदलेपर्यंत घाटाला बोट लावू देऊ नये, ही विनंती आहे. पंप बदलला की पंखा मी स्वतः आणून बसवीन.

माझा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात पंखा 'चोरून नेला' असे होते, ते खोडून 'काढून ठेवला' असे केले. चंद्रव्वांच्या 'अंगावरची साडी' असे लिहिले गेले होते, तेथे 'हातातली साडी' असे करून घेतले. दोन्ही ठिकाणी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.