दुसरीच्या वर्गातली बस

मी, प्राथमिक शाळेत इयत्ता दुसरीची वर्गशिक्षिका, वय एकेचाळीस वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार शाळेमागच्या गल्लीत औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज शुक्रवारी सायंकाळी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझ्या आईसोबत राहते. या शाळेत बरीच वर्षे नोकरीस असून त्यातली बहुतेक वर्षे मी दुसरीलाच शिकवले आहे. कालपासून बेपत्ता असलेले गृहस्थ माझ्या वर्गातील एका मुलीचे वडील आहेत. ते शहरातल्या बसवर चालक होते. काल सकाळपर्यंत मी ‘होते’ म्हटले नसते, ‘आहेत’ म्हटले असते. मुलीला वर्गात सगळे घंटी म्हणतात, कारण ती बोलू लागली की थांबत नाही आणि बसची घंटी तोंडाने हुबेहूब वाजवते. तिच्या वडिलांची आणि माझी ओळख शाळेच्या फाटकापुरती होती. आमच्यात कधी वाद किंवा बोलाचाली झालेली नाही.

शाळा सुटताना मुलीला न्यायला तेच येत असत. सगळ्या पालकांत ते पहिले. मी फाटकावर यायच्या आत ते समोरच्या भिंतीला टेकून उभे असत, अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर टोपी. बाकीच्यांची मुले ताटकळत बसतात आणि मला त्यांच्यासोबत बसावे लागते, म्हणून पालकसभेत मी या गृहस्थांचे उदाहरण दिले होते. नोकरी सांभाळूनही वेळेवर येता येते, असे मी त्यांच्या देखतच म्हणाले. ते खाली बघत होते. मला वाटले, लाजले.

माझ्या वर्गात दर गुरुवारी ‘आमच्या घरचं काम’ हा कार्यक्रम असतो. कोणाची तरी आई किंवा वडील येतात, आपले काम सांगतात, हत्यारे दाखवतात, मुले ती हाताळतात. आतापर्यंत न्हावी, परिचारिका, गवंडी आणि पंखे दुरुस्त करणारी एक आई येऊन गेली. घंटी वर्ष सुरू झाल्यापासून माझ्या मागे लागली होती की तिच्या बाबांना बोलवा. दोनदा बोलावणे धाडले, दोन्ही वेळा सुट्टी मिळत नाही असे उत्तर आले. मागच्या आठवड्यात मी त्यांना फाटकावरच गाठले. मी म्हणाले, “अहो, पोरीच्या तोंडाकडे बघा जरा. एक तास काढा. आणि गणवेशातच या, मुलांना फार आवडतो.” ते म्हणाले, “बघतो बाई. गणवेश तर काय, रोजच असतो.” मी म्हणाले, “बघतो नको, येतो म्हणा.” ते हो म्हणाले. मला नाही ऐकायची सवय नाही.

काल गुरुवारी मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला ते आले. वर्गात शिरताना दाराच्या कडेला त्यांचा खांदा आपटला. मुले हसली, तेही हसले. सुरुवातीला ते फार बोलेनात. मी बसमध्ये किती माणसे मावतात वगैरे विचारले, तर एका शब्दात उत्तरे. मग घंटीच म्हणाली, “बाबा, घरी करतो तशी बस करू या.” आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी मुलांकडून बाक ओढून दोन रांगा करवल्या, मध्ये वाट सोडली. माझी खुर्ची पुढे घेतली. पाण्याच्या पिंपाचे झाकण हातात घेतले, ते झाले चाक. दार कुठे, घंटी कुठे, म्हाताऱ्यांची जागा कुठली, सगळे ठरले. मला त्यांनी म्हाताऱ्यांच्या जागेवर बसवले. या वर्गात मला आजवर कोणी बसायला सांगितलेले नाही, पण मी बसले.

त्यांनी तोंडाने गाडी चालू केली आणि सगळा मार्ग न चुकता चालवला. कुठे वळण आहे, कुठे खड्डा, कुठल्या दुकानासमोर नेहमी हातगाडी आडवी असते, सगळे सांगत होते. खड्डा आला की अख्खा वर्ग उडत होता. प्रत्येक थांब्याला दोन-तीन मुले उतरत आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहत. एका मुलाकडे पुठ्ठ्याची लाल चकती होती, ती दाखवली की थांबायचे. ते दोनदा थांबले नाहीत. मुले ओरडली, “काका, लाल आहे, लाल.” तेव्हा त्यांनी करकचून ब्रेक लावल्याचा आवाज काढला आणि सगळी हसून हसून एकमेकांवर पडली. ते मुद्दाम गंमत करत आहेत असे मी समजले.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, मार्गावरच्या नदीच्या पुलाचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात आला होता. ते म्हणाले, “इथं कोणी उतरत नाही. इथं गाडी फक्त हळू घ्यायची, खालचं पाणी बघायचं आणि पुढं जायचं.” मुलांनी खिडकीतून वाकून पाणी बघितल्यासारखे केले. मीही बघितले. त्यात मला काल काही वावगे वाटले नाही.

शेवटच्या थांब्याला सगळी मुले उतरली, घंटी उतरली नाही. ती मागच्या बाकावर बसून म्हणाली, “मला डेपोपर्यंत जायचंय, बाबांबरोबर.” त्यांनी तिला राहू दिले.

त्यानंतर ज्यांना हवे त्यांना त्यांनी खुर्चीवर बसवून चालक केले. टोपी मोठी, ती मुलांच्या नाकापर्यंत येई. म्हणून मी नारिंगी पुठ्ठ्याच्या कागदाची जाड पट्टी दुमडून टोपीच्या आत बसवली आणि स्टेपलर मारला. माझा स्टेपलर जुना आहे, त्याची पिन एका बाजूला तिरकी वळते. मुलांचे झाल्यावर त्यांनी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, पण पट्टीमुळे ती आत जाईना, नुसती वर बसली. वर्ग पुन्हा हसला. मी पट्टी काढून देते म्हणाले, तर म्हणाले, “राहू द्या बाई, छान आहे.”

यानंतर जे झाले ते मी जसे झाले तसे सांगते. मी मुलांना प्रश्न विचारायला सांगितले. एका मुलीने विचारले, “काका, आज तुमची गाडी कोण चालवतंय?” ते म्हणाले, “आहे दुसरा एक जण. चांगला चालवतो.” तेव्हा बस डेपोत मेकॅनिक असलेल्या गृहस्थांचा मुलगा हात वर करून म्हणाला, “बाई, काका आता गाडी नाही चालवत. माझे बाबा सांगत होते. त्यांना नीट दिसत नाही म्हणून त्यांना गाडीवरून उतरवलं, कधीच.” मुलगा खोडकर नाही. आपल्याला काहीतरी माहीत आहे एवढाच आनंद त्याच्या तोंडावर होता.

माझ्या वर्गात नियम आहे की जो खोटे बोलेल त्याने पुढे यायचे आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. हा नियम माझा आहे, शाळेचा नाही. त्याचा मला अभिमान होता. मी त्या मुलाला पुढे बोलावले आणि म्हणाले, “पाहुण्यांबद्दल असं बोलतात? काकांची माफी माग.” तो म्हणाला, “मी खोटं नाही बोललो.” मी म्हणाले, “माफी माग आधी.” त्याने ओठ घट्ट मिटले. मी आवाज चढवला. मी घंटीच्या वडिलांची बाजू घेत होते, त्यांचा मान राखत होते, असे मला त्या वेळी अगदी मनापासून वाटत होते. मी त्यांच्याकडे एकदा जरी बघितले असते तरी मला कळले असते. मी बघितले नाही, कारण वर्ग हाताळताना मी फक्त चुकणाऱ्या मुलाकडे बघते.

मुलगा रडायला लागला. रडत रडत म्हणाला, “काका, मला माफ करा, मी खोटं…” तेवढ्यात ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “बाई, त्याला बसू द्या. तो खरं सांगतोय.” मग त्या मुलासमोर खाली बसून म्हणाले, “तुझे बाबा बरोबर बोलले. तू घाबरू नको.” त्यांनी स्वतःच्या रुमालाने त्याचे नाक पुसले.

वर्गात कुजबुज सुरू झाली. मी शिक्षिका, मला जे सुचते तेच तोंडातून निघाले. मी म्हणाले, “हाताची घडी, तोंडावर बोट.” सगळ्या वर्गाने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवले. घंटीनेही ठेवले. ते मागच्या बाकापर्यंत गेले, वाकून तिला म्हणाले, “रागावलीस?” तिने उत्तर दिले नाही. ती रागावली होती म्हणून नव्हे. मी तोंडावर बोट ठेवायला सांगितले होते म्हणून. ती माझे सगळे ऐकते. मी तेव्हा फक्त ‘बोल’ म्हणायचे होते.

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, “संध्याकाळी आईबरोबर घरी जा हं.” तिने मान हलवली. जाता जाता त्यांनी पिंपाचे झाकण जागेवर ठेवले, माझी खुर्ची सरळ केली आणि मला म्हणाले, “तुमचा तास गेला, बाई.” मी ‘छे छे’ म्हणाले. याखेरीज मी त्यांना काहीही बोलले नाही. टोपी त्यांच्या डोक्यावर तशीच वर बसलेली होती. फाटकातून ते कोणत्या दिशेला गेले ते मी पाहिलेले नाही. मी मुलांकडून बाक सरळ करून घेत होते.

शाळा सुटल्यावर मुलीची आई आली. ती शिवणकामाच्या कारखान्यात कामाला आहे, धावतपळत आली होती. म्हणाली, “त्यांचा फोन आला, डबल ड्यूटी लागली म्हणून. रात्रीही उशीर होईल म्हणाले.” तेव्हा माझ्या लक्षात आले की घरी कोणालाच माहीत नाही. हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा गणवेश घालून, डबा घेऊन निघत होता आणि आमच्या शाळेसमोर भिंतीला टेकून सुटायची वाट बघत होता. सांगावे असे वाटले. पण नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, असे म्हणून मी गप्प बसले. आईने विचारले, “आज आमची घंटी गप्प कशी?” मी म्हणाले, “दमली असेल.”

मी तेव्हा खरे सांगितले असते तर त्यांचा शोध काल उजेडातच सुरू झाला असता. आई रात्रभर डबल ड्यूटी समजून निजली आणि आज सकाळी ते आले नाहीत म्हणून डेपोत गेली. तिथे तिला सगळे कळले. हवालदारांचे म्हणणे आहे की हे माझे अनुमान आहे, जबाबात नको. मी ते लिहायला सांगितले आहे.

आज आईने मुलीला शेजारणीबरोबर शाळेत धाडले, कारण तिला या ठाण्यात तक्रार द्यायला यायचे होते. दुपारी मला इथे बोलावून एक टोपी दाखवण्यात आली. ती सकाळी पुलाच्या कठड्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलेली मिळाली, असे मला सांगण्यात आले. टोपी उलटी करून दाखवली. आत नारिंगी कागदाची पट्टी आहे, पिन एका बाजूला तिरकी वळलेली आहे. पट्टी माझ्या हातची आहे. टोपी त्यांचीच आहे, हे मी ओळखून सांगते. पाण्यात शोध चालू आहे, अजून काही मिळालेले नाही, असेही मला सांगण्यात आले. त्यातून आशा धरावी असे मला कोणाच्या तोंडावर दिसले नाही.

इथून मी परत शाळेत गेले, कारण शेवटचा तास माझा होता. मुलांनी आपणहून बाकांच्या दोन रांगा करून ठेवल्या होत्या. घंटी मागच्या बाकावर बसली होती. मी बाक हलवले नाहीत, तसाच तास घेतला. मेकॅनिकच्या मुलाला मी सगळ्यांसमोर सांगितले की चूक माझी होती. तो म्हणाला, “बरं, बाई.”

सुटायच्या वेळी घंटी माझ्या टेबलापाशी आली. तिने आधी हात वर केला, मी मान हलवल्यावर बोलली. म्हणाली, “बाई, बाबा खोटं बोलले ना, म्हणून येत नाहीत. त्यांना वाटतंय तुम्ही पुढे बोलावून माफी मागायला लावाल. त्यांना सांगा ना, नाही लावणार म्हणून. मग येतील.”

मी म्हणाले, “सांगते.”

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो नीट ऐकला. मी बोलले तसाच तो लिहिला आहे. यातले मी मुलीला दिलेले शेवटचे उत्तर तेवढे खोटे आहे, बाकी सर्व खरे आहे.