बर्ड, लेब्रॉन आणि महिपतचं माप

नाय नाय, हात खाली सोड. सैल. माप देताना छाती फुगवायची नाय — सगळे नवरदेव फुगवतात, आणि मग लग्नात बटण तुटलं की शिव्या शिंप्याला. हां, असा. तर काय म्हणालास तू? लेब्रॉन? तुझ्या टीशर्टवरचा तेवीस नंबर बघूनच मी ओळखलं होतं, पण म्हटलं विचारू, कदाचित धाकट्या भावाचा घालून आला असशील. बास्केटबॉलच्या जगातला सगळ्यात मोठा स्मॉल फॉरवर्ड लेब्रॉन — हे तू राम आळीत, माझ्या दुकानात, माझी टेप तुझ्या गळ्याभोवती असताना बोलतोस. धाडस आहे तुझ्यात, लग्न करशील तू नीट.

वायच वळ. आता ऐक. स्मॉल फॉरवर्ड म्हणजे काय? टीममधला तीन नंबर. सगळ्यात उंच तो नाय, बॉल घेऊन येणारा तो नाय, पण लागेल तिथे हजर — लग्नघरातल्या मामासारखा. आणि असा मामा एकच झाला, लॅरी बर्ड. ना धड पळायचा, ना उडी, पण बॉल कुठे जाणार हे बॉलच्या आधी याला माहीत. तीनदा चॅम्पियन. — लेब्रॉन चारदा, ठाऊक आहे मला, आकडे मला नको सांगू, मला पाठ आहेत. तू आता विचारशील, काका, तुम्ही बर्डला खेळताना बघितलंत कधी? बघितलंय तर. चाळीस मिनिटं. — हसू नको, टेप हलते.

खरंच सांगतो, चाळीस मिनिटं. माझा एक दोस्त होता, महिपत म्हणून, त्याचा चुलता बोटीवर कामाला. त्याने अमेरिकेतनं एक व्हिडिओ कॅसेट आणली, सत्याऐंशी साल, आम्ही दोघं अकरावीला. त्या कॅसेटीत बर्ड डाव्या हाताने बॉल टाकायचा. एकदा नाय, चार-पाच वेळा. आम्ही ती कॅसेट झिजवली आणि आमची खात्री झाली की स्मॉल फॉरवर्डने डाव्यानेच टाकायचं असतं. वर्षभर, रोज संध्याकाळी, जांभ्या दगडाच्या त्या खडबडीत पटांगणावर दोघं डावा हात मारतोय — मी उजव्याने जेवणारा, तोही उजव्याने जेवणारा. आमचं बघून अख्खी टीम डावरी झाली. चिपळूणच्या पोरांनी विचारलं, तुमच्याकडे पाण्यात काही आहे काय? मग पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, तो बर्ड उजव्याने टाकायचा. कॅसेटीत तो नुसती गंमत करत होता. आणि एवढ्या भांडवलावर मी सदतीस-अडतीस वर्षं त्याची बाजू लढवतोय. आता सांग, माझ्यासारखा शहाणा रत्नागिरीत दुसरा मिळेल?

मुंढा, म्हणजे काखेतला घेर, जरा सैल ठेवू ना? नाचणार असशील वरातीत. — हां, तर तो महिपत. तोही बर्डवालाच. पण दोन हजार सोळाच्या जूनमध्ये तो फिरला. सकाळची मॅच, मी त्याच्याच घरी बघायला. लेब्रॉनची टीम सात मॅचच्या फायनलमध्ये तीन-एकने मागे पडलेली आणि वर आली, शेवटाला त्याने मागनं धावत येऊन तो बॉल अडवला — बघितलास ना तू? — आणि महिपत उठून उभा राहिला नि म्हणाला, संपलं, हाच सगळ्यात मोठा. मला असं झालं की याने देवाला पाठ दाखवली. मी वाट्टेल ते बोललो. घरी येऊन आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. तेव्हापासून बोलणं बंद. पन्नाशीच्या आसपासचे दोन बाप्ये, अमेरिकेतल्या दोन माणसांवरून — ज्यांना रत्नागिरी कुठे आहे हेही ठाऊक नसणार. तो समोरून आला की मी पानाच्या दुकानात शिरतो, आणि मी पान खात नाय.

झालं तुझं, पाटावरनं उतर. आणि हे दुसरं कापड कोणाचं? — सासऱ्यांचं. बरं, मग सासऱ्यांना घेऊन ये, कापडावरनं माणसाचं पोट कळत नाय. — माप माझ्याकडे आहे? असं कोण म्हणालं? — कोण?

थांब. तू महिपतच्या निशिगंधाचा नवरा होणार? आधी सांगायचं नाय होय, मेल्या? — म्हणजे, जावईबापू. बसा. नको, बस. मी बोलत सुटलोय तासभर आणि तू गप ऐकतोयस. ती एवढीशी असताना तिचे सगळे फ्रॉक मीच शिवलेत. आठवीनंतरचं काहीच नाय शिवलं.

काय म्हणाला तो नेमकं? तसंच्या तसं सांग. 'कापड दे, माप त्याच्याकडे आहे, जास्त बोलू नको.' एवढंच? पत्रिका दिली नाय? — बरं. बरं, नसेल छापून आली. मी कुठे विचारतोय.

आता एवढं ऐकलंस तर हेही ऐक, बाहेरून कळण्यापेक्षा बरं. मी त्याला त्या दिवशी काय बोललो माहीत आहे? म्हटलं, तू बाकावर बसणारा, तुला तीन नंबर काय कळणार. लागलं ते त्याला. का लागलं — शिकत असताना आमची कोल्हापूरला विभागीय फायनल होती. तीन नंबरला दोघांतला एकच खेळणार. सर विचार करत होते, आणि हा म्हणाला, सर, माझा पाय मुरगळलाय. मग मी खेळलो. चार पॉइंट केले, बारा वेळा डाव्याने मारून. हरलो. परत येताना साखरप्याला सर उतरले, त्यांची ट्रंक एसटीच्या टपावर. महिपत टणकन शिडी चढला आणि ट्रंक घेऊन खाली आला. लंगडायचं विसरला गाढव. मी खिडकीतनं बघितलं. त्याला ठाऊक नाय मी बघितलं ते. माझ्यापेक्षा चांगला खेळायचा तो, पुष्कळ चांगला. एवढं माहीत असून मी त्याला बाकावरचा म्हणालो. लाज वाटते मला, रोज वाटते.

आणि लेब्रॉनचं म्हणशील तर — हे कोणाला सांगायचं नाय — मी सगळ्या मॅच बघतो त्याच्या. पहाटे उठून, बायको म्हणते योगा करतोय. या वयात तो माणूस अजून खेळतोय आणि मला सुईत दोरा घालायला चष्मा लागतो. महिपत बरोबर होता. त्या सकाळीच बरोबर होता. पण बर्डने आम्हाला शिकवलं ना, चुकीचं का होईना.

नाय, त्याचं माप नाय माझ्याकडे. कुठनं असणार? छाती अडतीस, बाही साडेतेवीस, डावा खांदा पाव इंच उतरता — त्या वर्षभराचा परिणाम, माझाही तसाच आहे — कॉलर पंधरा, पण आता गळा सुटला असेल, मागनं बघितला मी त्याला बाजारात. हे सगळं जुनं. जुन्या मापावर लग्नाचं शिवत नाय मी. हे कापड परत ने. त्याला सांग, वहीला वाळवी लागली, माप मिळत नाय, स्वतः यावं लागेल. चारनंतर गिऱ्हाईक नसतं. पत्रिका आणली नाय तरी चालेल म्हणावं — नको, हे सांगू नको. नुसतं माप. आणि विचारलंच कोण मोठा, तर सांग, शिंपी अजून बर्डच म्हणतो.

जा आता. काय बघतोस वर फळीवर? ती वही? ती दुसरी आहे.