घोरणं गेलं अन् माकडं आले

चहा थंडा झाला तरी चालन, पण बाईहो, हे आयकाच. आमचा बुढा इतका घोरे का दुपारी हरभऱ्याच्या वावरात मचाणीवर झोपला तरी माकडं जवळ येत नोयते. राखणीले ना गोफण लागे, ना कुत्रं. पण घोरता घोरता मधातच त्याचा दम बंद पडे. मी गदागदा हालवलं का मंग मोठ्यानं श्वास ओढे. माह्या जिवाचं पानी होऊन जाये.

नागपूरच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून पाह्यलं. म्हणे, "बाई, टाळूचा मागचा भाग लोंबून श्वासाची वाट अडवते. थोडा कापा लागते."

मी म्हटलं, "कापा साहेब. हात लागलाच त थोडी जीभ बी कापा, लय बोलते."

आपरेशन झालं, जखम भरली, बुढा पुन्हा वावरात गेला. दुपारी मी शिदोरी घेऊन पोचली त मचाणीखाली माकडं मजेत हरभरा खाऊन राह्यले, अन् वरतं बुढा चुपचाप पडून! हातची शिदोरी खाली पडली. मी हंबरडाच फोडला.

बुढा उठून बसला. "काऊन बोंबलून राह्यली वं? कितीक वर्सानं अशी झोप लागली होती! अन् हरभरा कोनं खाल्ला? माकडं दिसत नाई तुले?"

दिवस बुडेपर्यंत माकडायच्या मांगं धावे अन् मले शिव्या दे. मी बांधावर बसून डॉक्टरले मनातच हात जोडले, "बरं झालं बापा, जीभ ठेवली."